नाणं वाजवायचं कुठं?

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मध्यंतरी दोन आवाज ऐकले. पहिलं नाणं दगडावर पडलं, खणकलं, आणि ती खणक थोडा वेळ कानात फिरत राहिली. दुसऱ्याचा आवाज पडला तिथंच विझला.

दुसरं नाणं माझ्या मावशीचं होतं.

मावशीच्या नातवाचं बारसं आहे. त्यासाठी तिनं दिवाळीच्या आधीच फोनवरून चांदीची पाच नाणी मागवून ठेवली होती. दहा-दहा ग्रॅमची. एका अंगाला लक्ष्मी, दुसऱ्या अंगाला ९९९ चा ठसा. प्रत्येक नाणं प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद आणि पाकिटावर शुद्धतेचं इंग्रजी प्रमाणपत्र छापलेलं. त्यातल्या एका नाण्याला कडी लावून बाळाच्या गळ्यात घालायचं तिच्या मनात होतं, म्हणून आम्ही कट्ट्यावर गेलो. सराफकाकांनी पाकीट कापलं, नाणं चिमटीत धरलं आणि डाग द्यायच्या आधी सवयीनं वाजवलं. मग काही न बोलता गल्ल्यातलं स्वतःचं एक नाणं काढून त्याच दगडावर टाकलं.

"मावशी, कुठनं घेतलंय हे?"

मावशीनं सांगितलं.

काकांनी तिची पाचही नाणी एकावर एक रचली. शेजारी दुकानातली पाच रचली, तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच रुंदीची. मावशीची चळत मिलिमीटरभर उंच निघाली. वजन तेच असून जागा जास्त लागते, म्हणजे आतला धातू हलका. मग त्यांनी कानशीनं एका नाण्याची कड घासली. पांढरं साल गेलं आणि आतून लाल तांबं दिसलं.

"पाचही?" मावशीनं विचारलं.

"पाचही."

ती रडली नाही, भांडली नाही. नाणी रुमालात बांधली आणि म्हणाली, "चल गं." बाहेर आल्यावर मात्र चौकात पाच मिनिटं नुसती उभी राहिली. निवृत्त शिक्षिका आहे ती. आयुष्यभर मुलांना नाणी-नोटांचे हिशेब शिकवले. आपल्याला फसवलं याहून, आपल्याला कळलं नाही याची लाज तिला जास्त वाटत होती. त्या लाजेवर हा सगळा धंदा उभा आहे. फसलेली माणसं घरात कुणाला सांगत नाहीत, शेजारी तर नाहीच नाही. म्हणून आज सांगते आहे, मावशीला विचारून.

मावशी, तुला कळलं नाही कारण तुला वाजवूच दिलं नाही.

नाण्याच्या पारखीनं आपल्या भाषेला किती शब्द दिलेत बघा. भरवशाचा माणूस म्हणजे बंदा रुपया. खरं बोलणं खणखणीत. कुणावर विश्वास टाकायचा तर आपण आधी त्याला वाजवून घेतो. प्रसंग आला की कस लागतो, एखादा कसोटीला उतरतो, एखाद्याचं पितळ उघडं पडतं, घराण्याच्या नावाला बट्टा लागतो. हा बट्टासुद्धा सराफाच्या पेढीवरचाच. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. एक रुपया देऊन दुसरा घ्यायचा तर त्यातल्या चांदीच्या मानानं कसर कापली जाई, तो बट्टा. ही कसर ठरवायला जाणता माणूस लागे. खजिन्यात आणि गावगाड्यात तो माणूस म्हणजे पोतदार. नाणं त्याच्या बोटांखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे, आणि खोटं निघालं तर त्यालाच जाब द्यावा लागे.

आज पोतदार हे आडनाव उरलंय. नाणं मात्र गोदामातून निघतं, खोक्यात बसतं, दुचाकीवरून येतं आणि दारात ओटीपी घेऊन हातात पडतं. विकणारा, साठवणारा, पोचवणारा, पैसे घेणारा असे एवढे हात लागतात, पण त्यातल्या एकाही हातानं ते वाजवलेलं नसतं.

हा धंदा इतका का फोफावतो, याचा हिशेब सोपा आहे. मावशीनं नाणी घेतली तेव्हा चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली होती. म्हणजे दहा ग्रॅमच्या नाण्यात नुसत्या धातूचेच दीड हजारांवर रुपये. त्यावर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. मावशीला ते साडेअकराशेला मिळालं. 'सणाची सवलत' असं लिहिलं होतं. चांदीला सवलत कोण देतं? चांदीचा भाव रोज जगभर जाहीर होतो, तो कुणा दुकानदाराच्या मर्जीवर नसतो. घडणावळीत सूट समजू शकते. धातूच्या भावाखाली जो धातू विकतो, त्याच्याकडे तो धातू नसतो. दहा ग्रॅम तांब्याला दहा-बारा रुपये पडतात. बाकीचे अकराशे कुठं गेले ते सांगायला नको.

वरच्या मुलाम्याला तरी चांदी लागत असेल ना? किती लागते पाहा. अमेरिकी टाकसाळीचं सिल्व्हर ईगल हे एक औंसाचं नाणं, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी, व्यास ४०.६ मिलिमीटर. तेवढ्या नाण्याच्या सगळ्या अंगावर एक मायक्रॉन जाडीचा थर द्यायचा तर सुमारे ०.०३ ग्रॅम चांदी पुरते. खऱ्या नाण्यातल्या चांदीचा हा हजारावा भाग झाला. पाच मायक्रॉन दिले तरी एका खऱ्या नाण्याच्या चांदीत दोनशे खोटी नाणी माखून निघतात.

भाव चढला की हा नफा फुगतो. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदीची साठेबाजी करून भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात नेला होता. मार्चअखेरीस तो डोलारा कोसळला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ती पातळी कुणी ओलांडली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ती ओलांडली गेली, आणि नेमकी आपल्या धनत्रयोदशीच्या तोंडावर. मुंबईच्या बाजारात चांदी मिळेना. काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. दुकानात 'संपली' म्हणून सांगत होते आणि फोनवर मात्र चांदी भरपूर, स्वस्त आणि उद्या सकाळी घरपोच. ही चांदी येते कुठून, असं त्या आठवड्यात ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या एकाही कंपनीला स्वतःहून विचारावंसं वाटू नये? वाटलं असतं तर मावशीचं खोकं तिच्या दारात आलं नसतं.

फोनवर मावशीच्या त्या नाण्याखाली ग्राहकांचे अभिप्राय शेकड्यांनी आहेत. मी दोन रात्री बसून वाचले. 'पॅकिंग सुंदर.' 'वेळेत मिळालं.' 'भेट द्यायला उत्तम.' 'आईला आवडलं.' कुणी खोटं लिहिलेलं नाही. पॅकिंग सुंदरच होतं. पण एवढ्या सगळ्यांत ते नाणं कुणी वाजवलेलं नाही, घासलेलं नाही, पाण्यात मोजलेलं नाही. पाकीट फोडलंत तर नाणं परत घेणार नाही, असं पाकिटावरच बजावलेलं असतं. म्हणजे खरं-खोटं पाहायचं तर परतीचा हक्क सोडा, आणि परतीचा हक्क हवा तर खरं-खोटं पाहू नका. ही अट ज्यानं लिहिली त्याला नाण्याची पारख चांगली ठाऊक आहे.

आणि तक्रार केल्यावर पहिलं उत्तर काय येतं? 'वस्तू सदोष असल्याचा फोटो पाठवा.' खोट्या नाण्याचा फोटो खऱ्या नाण्यासारखाच येतो. त्यासाठीच तर ते केलेलं असतं!

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत चांदीवरून आणि ऑनलाइन बाजारावरून कोर्टकचेरी वीस वर्षांपूर्वीच झाली. टिफनी ही न्यूयॉर्कची जुनी जवाहिऱ्यांची कंपनी. तिच्या नावाचे चांदीचे दागिने ईबेवर ढिगानं विकले जात होते. २००४ मध्ये टिफनीनं स्वतः ग्राहक होऊन ईबेवरून आपल्याच नावाचे दागिने विकत घेतले आणि तपासले. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले ७३ टक्के नकली निघाले. पुढच्या वर्षी पुन्हा घेतले, ७५ टक्के. त्याच २००४ साली ती कोर्टात गेली. २००८ मध्ये न्यायालयानं ईबेच्या बाजूनं निकाल दिला, २०१० मध्ये अपील न्यायालयानं नकली मालाच्या जबाबदारीचा तो निकाल कायम ठेवला. तर्क असा की, आपल्या बाजारात नकली माल आहे एवढं मोघम ठाऊक असून भागत नाही. नेमकी कोणती वस्तू नकली हे ठाऊक असूनही ती विकू दिली, तरच बाजारवाला दोषी. आणि टिफनीनं बोट दाखवलेल्या वस्तू ईबे काढून टाकत होती.

कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. सराफ कट्ट्यावर ते चालणार नाही. तिथं एखादा म्हणाला की, माझ्या पेढीवर खोटा माल आहे हे मला मोघम ठाऊक आहे, पण नेमका कोणता ते तुम्ही शोधून सांगा, मग मी तो उचलतो, तर त्याच्या पेढीची पायरी पुन्हा कुणी चढेल का? टिफनीकडे तपासायला माणसं होती, वकील होते, पैसा होता. मावशीकडे एक कानस होती, तीही सराफाची.

शिवाय पारख करता येत नाही असंही नाही. त्याच ईबेनं २०२० मध्ये महागडी घड्याळं आणि बूट विकताना माल आधी आपल्या पारख्यांकडे नेऊन तपासायची सोय काढली. बुटांची शिवण तपासायला माणूस ठेवता येतो, तर चांदीची घनता तपासायलाही ठेवता येईल.

टाकसाळींनी आपल्या परीनं हातपाय हलवले आहेत. कॅनडाच्या चांदीच्या मेपल लीफ नाण्यावर २०१४ पासून लेसरनं कोरलेली बारीक खूण असते, भिंगातून तिच्यात सालाचे आकडे दिसतात. अमेरिकी ईगल १९८६ पासून निघतं. २०२१ मध्ये त्याचं रूप पालटलं तेव्हा कडेच्या दात्यांतही नकलेविरुद्ध फेरफार केला. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचे ते जुने राणीछाप रुपये. त्यांत शंभर भागांत साडेएक्क्याण्णव भागांहून जास्त चांदी होती. १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि त्याच्या कडेला नकलेविरुद्ध खास नक्षी दिली. टाकसाळीला हे कायम ठाऊक होतं की खोटेपणा आधी कडेला पकडला जातो. कड दिसणारच नाही अशा चौकटीत नाणं बसवून विकतात, ते कशासाठी, हे आता कळलं.

आपल्या देशातला कायदा काय म्हणतो? म्हणतो बरंच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता ग्राहकाला दिसला पाहिजे. मालाचं वर्णन खरं आहे असं विक्रेत्याकडून लिहून घेतलं पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झालं पाहिजे. लिहून घेतलेल्या त्या कागदाचं पुढं काय होतं, ते मावशीला विचारा.

पण हाच कायदा कधी कधी चावतोसुद्धा, आणि तो कसा चावला हे मुद्दाम सांगते. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झाली. तरी बिनखुणेचे कुकर ऑनलाइन विकले जात होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला आदेश दिला: असे २,२६५ कुकर ज्यांना विकले त्यांना कळवा, माल परत घ्या, पैसे द्या, वर एक लाखाचा दंड भरा. आम्ही नुसते मध्यस्थ, हा बचाव प्राधिकरणानं मानला नाही. त्या विक्रीतून कंपनीला सहा लाखांवर शुल्क मिळालं होतं. विक्रीतून पैसे मिळवायचे आणि माल वाईट निघाला की अंग काढून घ्यायचं, हे चालणार नाही, असा त्या आदेशाचा रोख होता. कंपनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तो तिचा हक्क. पण कुकरच्या बाबतीत कायद्याला दात मिळाले ते कशामुळे? खूण सक्तीची होती म्हणून.

चांदीला ती सक्ती नाही. सोन्याच्या दागिन्यांना १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीचा हॉलमार्क २००५ पासून आहे आणि अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक आला, तो फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पडताळता येतो. सोय चांगली आहे. पण ज्याला फसवायचं आहे तो ऐच्छिक गोष्ट कशाला करील? तो ९९९ ठोकतो. ते तीन आकडे ठोकायला एक ठसा लागतो, परवाना लागत नाही.

सक्ती म्हटलं की कारागिरांचा प्रश्न निघतो, आणि तो खरा आहे. हुपरीत घरोघरी पैंजणं घडतात. तिथला माल साठ टंच, सत्तर टंच असतो आणि तसाच सांगून विकला जातो. टंच सांगून विकलेली कमी कसाची चांदी ही फसवणूक नाही. जर्मन सिल्व्हर म्हणून विकलेलं पूजेचं ताट हीसुद्धा फसवणूक नाही, जरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं आणि चांदीचा कणही नसतो. तेव्हा सक्ती हुपरीच्या पैंजणापासून करूच नका. ती फोनवर ९९९ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांपासून आणि लगडींपासून करा. हा यंत्रावर निघणारा माल आहे, घराच्या पडवीत घडणारा नाही. एचयूआयडी नसेल तर तो माल बाजाराच्या पानावर चढताच कामा नये. एवढं करायला नव्यानं कसली विद्या लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं ई-कॉमर्स नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. त्यात एक कलम होतं: विक्रेत्याच्या चुकीनं वा हयगयीनं ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी शेवटी बाजार चालवणाऱ्या कंपनीवर. मोठ्या कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि ते कलम कागदावरच राहिलं. ते बाहेर काढा. सराफ म्हणतो का कधी की हे नाणं माझ्या दुकानात होतं खरं, पण ते ठेवणारा वेगळाच होता, तो आता सापडत नाही? मावशीच्या पावतीवर ज्या विक्रेत्याचं नाव आहे त्याचं दुकान आठवड्याभरात त्या बाजारातून नाहीसं झालं. बाजार जागेवर आहे. ज्यानं दलाली घेतली तो जागेवर आहे. पैसे त्याच्याकडूनच मागायचे.

चांदीवर इतकं का चिडायचं, असं एका स्नेह्यानं विचारलं. सोन्यात जास्त पैसा जातो की. जातो. पण सोनं घेणाऱ्याला सराफ असतो, पावती असते, मोड करायला ओळख असते. चांदी ही ज्यांना सोनं पेलत नाही त्यांची बचत आहे. जोडवी, पैंजण, बाळाचे वाळे, कमरेचा करगोटा. शेतमजूर बाई हंगामाच्या पैशातून वीस ग्रॅम चांदी करते, ती मिरवायला नव्हे, अडीनडीला मोडायला. ही चांदी ती वर्षानुवर्षं डब्यात ठेवते आणि डबा उघडते दवाखान्याच्या बिलाच्या दिवशी. खोटेपणा तिला त्या दिवशी कळतो. परतीची मुदत संपून तेव्हा दहा वर्षं झालेली असतात.

हे नुसतं भावनेचं नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये नियम काढले आणि चांदीवर कर्ज द्यायची चौकट घालून दिली. एका कर्जदाराला दागिने दहा किलोपर्यंत, नाणी ५०० ग्रॅमपर्यंत. १ एप्रिल २०२६ ही ते लागू करायची शेवटची तारीख. गरिबाच्या चांदीला बँकेच्या दारात किंमत मिळणार, ही फार चांगली गोष्ट आहे. पण बँक ती चांदी पारखून घेणार. ज्या बाईनं ती विश्वासानं घेतली, तिच्यावर त्या टेबलापाशी खोटं नाणं आणल्याचा संशय येणार. विकणारा तिथं नसेल.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगते, कारण फोनवर याबद्दलही चुकीचं शिकवणारे व्हिडिओ फार आहेत. 'लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी.' तांब्यालाही चिकटत नाही. 'बर्फ ठेवा, झरझर वितळला तर चांदी.' चांदी उष्णता सगळ्या धातूंत जास्त वाहते हे खरं, पण तांबं तिच्या पाठोपाठच आहे, त्याच्यावरही बर्फ झरझर वितळतो. सराफाकडचं टंच काढायचं यंत्र उत्तम, पण ते वरच्या सालापुरतं बघतं, मुलामा जाड दिला असेल तर फसू शकतं. त्याला कड घासून आत बघायला सांगायचं. आमच्या विट्याकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात. ते लगडीच्या वरच्या सालावर विसंबत नाहीत, आतलं बघतात.

घरी करायचं तर पाणी पुरतं. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. दहा ग्रॅम शुद्ध चांदीला काटा ०.९५ दाखवील. तांब्याला १.१२. शंभर ग्रॅमच्या लगडीला चांदी असेल तर साडेनऊ, तांबं असेल तर अकराच्या वर. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, हा फरक कुठल्याही मुलाम्यानं झाकता येत नाही. शिसं मिसळून वजनाची बरोबरी साधणारे असतात, पण शिसं आलं की आवाज गेला. म्हणून पाण्यात बुडवा आणि वाजवाही. आणि हे सगळं माल आल्याच्या दिवशी करा. पाकीट फोडलं म्हणून परत घेत नाहीत? मग पाकीट फोडू न देणाऱ्याकडून चांदी घेऊ नका. आपल्या गावात सराफ आहे, चांदीच्या पेठेचं खामगाव आहे, हुपरी आहे. तिथं दगड आहे, कान आहे आणि पावतीवर नाव असलेला माणूस समोर बसलेला आहे. फसलात तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि लाजू नका.

मावशी लाजायची थांबली. एका रात्री तिनं माझ्या हातात फोन दिला आणि स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यापाशी उभी राहिली. देवघरातल्या डब्यातून तिच्या सासूबाईंचा राणीछाप रुपया काढला. आधी तो ओट्यावर टाकला, मग ते लक्ष्मीचं नाणं टाकलं, मग पुन्हा रुपया. तीनदा. मध्ये बोलली नाही. फोटो मागत होते ना, त्यांना तिनं हा आवाज पाठवला, तक्रार क्रमांकासह, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे.

पोच ४८ तासांत द्यायची असते. आज अकरावा दिवस.